घरबसल्या धंद्याच्या गणितात छेद कुठे आहे?

इटियाडोहच्या बाजूच्या एका गावात मी बांबूची माहिती घ्यायला गेले होते. माझा विषय वनस्पतिशास्त्राचा. कोणत्या जातीचा आणि किती वयाचा बांबू कुठल्या वस्तूला चालतो, एवढंच मला हवं होतं. पण प्रश्नावलीच्या शेवटी 'सामाजिक-आर्थिक माहिती'चं एक पान जोडलेलं होतं, जसं आपल्या सगळ्यांच्याच प्रश्नावलीला असतं. त्यात एक रकाना होता : 'या व्यवसायासाठी दररोज दिलेले तास'. अंगणात सूप विणत बसलेल्या मावशींना मी विचारलं, दिवसाला किती तास काम करता? हात न थांबवता त्या म्हणाल्या, "काम कायचं जी मॅडम, रिकाम्या येळेत बसतो."

मी रकान्यात 2 लिहिलं.

ते 2 कुठून आलं? मावशींनी सांगितलं नव्हतं. मी घड्याळ लावून बघितलं नव्हतं. रकाना रिकामा ठेवायचा नाही, ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगात मुरलेली असते, त्यातून ते आलं. पुढे एक्सेलमध्ये ते बाकीच्या आकड्यांच्या रांगेत जाऊन बसलं आणि त्यांच्यासारखंच खरं दिसायला लागलं. आजची पोस्ट या 2 बद्दल आहे. कारण हस्तकला आणि घरून चालणारे उद्योग यांवर आपल्याकडे जे लघुशोधप्रबंध, प्रकल्प अहवाल आणि पेपर निघतात, त्यातल्या बऱ्याचशांचा निष्कर्ष अशाच एखाद्या 2 वर उभा असतो. तुमच्यापैकी अनेक जण पुढच्या वर्षी असा विषय घेणार आहेत, म्हणून आधीच सांगते.

निष्कर्षाचं ठरलेलं वाक्य

असे प्रबंध वाचायला घेतले की शेवटच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं : घरबसल्या व्यवसायामुळे महिलांच्या उत्पन्नात वाढ झाली व त्यांचे सक्षमीकरण झाले. पुरावा म्हणून महिन्याच्या उत्पन्नाची सारणी असते. प्रशिक्षणापूर्वी इतके, प्रशिक्षणानंतर इतके. खाली टक्केवारी आणि एखादी टी-टेस्ट.

आपण विज्ञान शाखेची माणसं आहोत. प्रयोगशाळेत कोणी 'अभिक्रियेत 5 ग्रॅम पदार्थ तयार झाला, म्हणून अभिक्रिया वेगवान आहे' असं म्हटलं, तर आपण लगेच विचारू : किती वेळात? वेग सांगायचा तर वेळ सांगावी लागते. अंश आहे, छेद कुठे आहे? हाच प्रश्न हस्तकलेच्या सारणीसमोर आपण विचारत नाही. उत्पन्न हा अंश, आणि त्यासाठी घरातल्या सगळ्यांनी मिळून घातलेला वेळ हा छेद.

एक ढोबळ उदाहरण करून बघू. यातले आकडे मी हिशेब दाखवण्यासाठी घेतले आहेत, ते सर्वेक्षणातले नाहीत. समजा एका घरातून आठवड्याला 30 सुपं विकली जातात. बांबूचा आणि बाजाराला जाण्यायेण्याचा खर्च काढून एका सुपामागे 50 रुपये उरतात. म्हणजे आठवड्याचे 1500. माझ्या रकान्यातले 'दररोज 2 तास' धरले तर आठवड्याचे 14 तास झाले आणि तासाला 107 रुपये पडले. छान धंदा! आता त्याच घरात नीट बघा. नवरा बांबू आणतो, फाडतो, कामट्या काढतो, त्याचे रोज 4 तास. बाई विणते, कड बांधते, तिचे 5 तास. मुलगी शाळेतून आल्यावर 1 तास कामट्या तासते. असे 6 दिवस, म्हणजे 60 तास. सातवा दिवस आठवडी बाजाराचा, त्याचे 10. एकूण 70 तास. तेच 1500 रुपये आता तासाला साधारण 21 रुपयांवर आले.

अंश तोच राहिला. नुसता छेद बदलला आणि उत्तर पाच पटींनी बदललं. ज्या अभ्यासात छेदच नाही, त्यात यातलं कोणतं उत्तर खरं, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नसतो.

सरकारी आकड्यातही हीच अडचण

हा फक्त विद्यार्थ्यांचा दोष आहे असं समजू नका. आपल्याच भागातल्या एका कामाचं उदाहरण घेते. ऐन आणि अर्जुन (आपल्याकडचा कहू) या झाडांवर कोशाचे किडे वाढवण्याचं काम भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात ढिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. मोहाडी-आंधळगावकडची करवतकाठी साडी याच धाग्याची. कोशातून सूत काढण्याची जुनी पद्धत अशी, की बाई उघड्या मांडीवर धागा घासून, पीळ देऊन ओढते. देशभरातल्या टसर पट्ट्यात बायकांच्या मांडीची कातडी या कामाने सोलवटत आली आहे. ही पद्धत बंद व्हावी म्हणून केंद्रीय रेशीम मंडळाने 'बुनियाद' नावाचं यंत्र आणलं. 2017 साली वस्त्र मंत्रालयाने त्याची माहिती देताना सांगितलं, की मांडीवर सूत काढणारी बाई दिवसाला सुमारे 125 रुपये कमावते, या यंत्रावर ती 350 रुपये कमावू शकेल. यंत्राची तेव्हाची किंमत कर आणि वाहतूक सोडून 8,675 रुपये होती.

यंत्र चांगलं आहे, यात मला शंका नाही. मांडी सोलवटणं थांबतं, एवढं एकच कारण त्यासाठी पुरेसं आहे. माझा मुद्दा आकड्याचा आहे. 125 रुपयांचा 'दिवस' किती तासांचा आणि 350 चा किती? मांडीवरचं काम स्वयंपाक, पाणी, गुरं सांभाळून तुकड्या-तुकड्याने होतं. यंत्रावर सलग बसावं लागतं. समजा पहिला दिवस 3 तासांचा आणि दुसरा 8 तासांचा असेल, तर तासाचा दर 42 वरून 44 रुपयांवर गेला, म्हणजे जवळजवळ तिथेच राहिला. दोन्ही दिवस 8 तासांचे असतील, तर मात्र कमाई खरोखर 2.8 पट झाली. या दोन शक्यतांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दिलेल्या आकड्यावरून त्यातली एक निवडता येत नाही. असा आकडा तुमच्या प्रस्तावनेत उतरवून घ्याल तेव्हा निदान एवढं तरी लिहा, की 'दिवस' म्हणजे किती तास हे त्यात स्पष्ट नाही.

ती बाई सरकारी कोडमध्ये कुठे बसते?

आता थोडं राष्ट्रीय सर्वेक्षणांकडे येऊ. हे संशोधनाची तयारी करणाऱ्यांना माहीत असलंच पाहिजे. नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, म्हणजे आपण ज्याला पीएलएफएस म्हणतो ते, प्रत्येक माणसाला कामाच्या स्थितीचा एक कोड देतं. 11 म्हणजे स्वतःच्या बळावर धंदा करणारा. 21 म्हणजे घरच्या धंद्यात विनावेतन मदत करणारा. 92 म्हणजे फक्त घरकाम. 93 म्हणजे घरकाम, शिवाय सरपण-भाजी गोळा करणं, घरच्या वापरासाठी शिवणं, विणणं वगैरे. 92 आणि 93 हे श्रमशक्तीच्या बाहेर धरले जातात.

सुपाच्या घरात हे कोड लावून बघा. नवऱ्याला 11 मिळेल. बायकोला बहुधा 21. आणि तिने माझ्यासमोर दिलं तसं 'रिकाम्या येळेत बसतो' असं उत्तर दिलं, आणि समोरच्याने पुढे खोदून विचारलं नाही, तर सरळ 92. वर्षातले निदान 30 दिवस केलेलं दुय्यम काम वेगळं नोंदवायची सोय त्या सर्वेक्षणात आहे, आणि ती चांगली सोय आहे. पण ती चालते केव्हा? समोरच्या बाईच्या विणण्याला 'काम' म्हणायचं, हे विचारणाऱ्याच्या डोक्यात असेल तेव्हा.

21 कोड लागला तरी एक गाठ उरतेच. विनावेतन मदतनिसाच्या नावावर कमाई नसते. म्हणजे दोघांच्या हातून झालेल्या सुपांचे पैसे एकट्या नवऱ्यासमोर लागतात. त्यातून 'पुरुष कारागिराची कमाई' आणि 'स्त्री कारागिराची कमाई' अशी तुलना कोणी काढली, तर ती तुलना कसबाची होत नाही, नोंदवहीची होते.

याच्या तुलनेत 2019 चं वेळ वापर सर्वेक्षण वाचायला घ्या. मला ते आपल्या विषयासाठी जास्त उपयोगी वाटतं. 1,38,799 घरांमध्ये जाऊन त्यांनी पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशी पहाटे 4 पर्यंतचा वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत विचारला. एका तुकड्यात एकापेक्षा जास्त कामं झाली असतील तर तीही नोंदवायची सोय ठेवली. घरच्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यातला सरासरी वेळ निघाला दिवसाला 299 मिनिटं आणि असं काम करणाऱ्या पुरुषांचा 97. 'रिकामा वेळ' हा शब्द या 299 मिनिटांच्या शेजारी ठेवून वाचा. जवळपास 5 तास घरकाम झाल्यावर जे उरतं, त्याला रिकामं म्हणायचं आहे.

पण याही सर्वेक्षणाला मर्यादा आहे. एका माणसाचा एकच दिवस विचारलेला असतो. बुरुडकामाचा दिवस वर्षभर सारखा नसतो. आपल्या धानाच्या मुलुखात मळणीच्या आधी सूप, टोपली, ढोली यांना मागणी येते, लग्नसराईत वेगळ्या वस्तूंना येते, आणि पावसाळ्यात धंदा मंदावतो. देशाच्या सरासरीसाठी एक दिवस चालतो, कारण वेगवेगळ्या घरांना वेगवेगळ्या दिवशी विचारलेलं असतं. तुमच्या 40 घरांच्या अभ्यासात सगळी घरं एकाच आठवड्यात उरकली, तर चालत नाही.

मारिया मीस वाचा, पण इथे तशीच लावू नका

या विषयावर एकच पुस्तक वाचायला वेळ असेल, तर मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचा नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायकांवरचा अभ्यास वाचा. तो 1982 साली प्रसिद्ध झाला. आंध्रच्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात मिशनऱ्यांनी शिकवलेली सुईवरची लेस बायका घरी विणत होत्या, आणि ती परदेशी जात होती. व्यापारी पुरुष दोरा देत, नगावर मजुरी देत. बायका स्वतःला कामगार म्हणवत नव्हत्या. घरात बसून फावल्या वेळात काहीतरी करतो, असंच त्याही म्हणत. मीस यांचं म्हणणं असं, की हा 'फावला वेळ' निव्वळ गैरसमज नव्हता. त्या शब्दावरच मजुरी इतकी खाली राहू शकत होती. जिला गृहिणी ठरवलं, तिला कामगाराचा दर द्यावा लागत नाही. या प्रक्रियेला त्यांनी जे नाव दिलं, त्याला मराठीत आपण गृहिणीकरण म्हणू.

हे वाचल्यावर माझं ते 2 मला जास्तच टोचायला लागलं. मावशींनी वापरलेला शब्द मी आकड्यात बदलला होता आणि वर त्याला माहिती म्हणत होते.

पण पुस्तक आवडलं म्हणून ते जसंच्या तसं गोंदिया जिल्ह्यावर बसवणं, हीसुद्धा एक चूक आहे आणि ती अलीकडे बरीच दिसते. नरसापूरला दोरा व्यापाऱ्याचा होता, दर व्यापाऱ्याचा होता, माल त्याच्याकडेच जात होता. बुरुडाच्या घरी तसं नाही. बांबू ते स्वतः मिळवतात, नवरा-बायको दोघेही काम करतात, माल स्वतः बाजारात नेतात. तिथे मजुरी कमी देणारा मालक शोधायला गेलात, तर सापडणार नाही. नफा कुठे मुरतो, ते बांबूच्या किमतीत, प्लास्टिकच्या सुपाने पाडलेल्या दरात आणि खर्ची पडलेल्या वेळात शोधावं लागतं. उलट, व्यापाऱ्याकडून सूत घेऊन ठरलेल्या मजुरीवर करवतकाठी विणणारं कोष्ट्याचं घर नरसापूरच्या जास्त जवळचं आहे.

म्हणजे 'घरून काम करणारे' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1996 चा 177 क्रमांकाचा करार मालकासाठी घरून काम करणाऱ्यांपुरता आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. आपल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतली घरकामगारांची व्याख्याही मालकासाठी केलेल्या कामाचीच आहे. 2018 मध्ये श्रम-सांख्यिकी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 'अवलंबित कंत्राटदार' असा वेगळा वर्ग केला. नावाला स्वतंत्र, पण कामासाठी आणि दरासाठी दुसऱ्यावर विसंबलेला, असा तो माणूस. तुमच्या नमुन्यात हे दोन-तीन प्रकार मिसळलेले असतील, तर सगळ्यांची मिळून काढलेली सरासरी कोणाचीच नसते.

अंशही तपासा

छेदाबद्दल इतकं बोलले, पण अंशही कुठे स्वच्छ असतो? बांबूचंच घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. 2011 मध्ये गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला त्यावर बांबू विकण्याचा हक्क प्रत्यक्षात मिळाला. 2017 मध्ये 1927 च्या वन कायद्यातल्या 'वृक्षा'च्या व्याख्येतून बांबू काढला, म्हणून जंगलाबाहेर लावलेल्या बांबूची तोड-वाहतूक सोपी झाली. पण सामूहिक हक्क ग्रामसभेचा असतो. बुरुडाचं घर अशा गावात असेल तर बांबू एका भावाने पडतो, नसेल तर दुसऱ्या. कधी पैशाऐवजी दिवसभराची पायपीट मोजावी लागते. ती पायपीट ना खर्चात लिहिली जाते, ना तासांत. 'कच्चा माल जवळपास फुकट' असं वाक्य दिसलं, की तिथे खूण करून ठेवा.

दुसरं, तुमच्या नमुन्यात फक्त धंद्यात टिकलेली घरं येतात. ज्यांनी सूप विणणं सोडून बांधकामाची वाट धरली, ती त्या यादीत नसतात. टिकलेल्यांचं उत्पन्न मोजून 'धंदा परवडतो' म्हणणं म्हणजे पास झालेल्यांनाच विचारून पेपर सोपा होता असं लिहिणं.

पण कलेला घड्याळ लावायचं का?

हा आक्षेप मी दोनदा ऐकला आहे. हस्तकला म्हणजे कारखाना नाही, त्यात आनंद असतो, परंपरा असते, तासाच्या दरात ती मोजणं म्हणजे तिचा अपमान. मला यातलं अर्धं पटतं. सुपाची कड बांधताना मावशींच्या बोटांत जे होतं, ते माझ्या कुठल्याच रकान्यात बसणार नाही. आणि मोजमाप नेमकं दिसतं म्हणून ते खरं असतं, असंही नाही. दर दहा मिनिटाला समोरच्याला थांबवून विचारलं, तर जे मोजायला गेलो तेच बिघडतं.

तरी उरलेलं अर्धं पटत नाही. कारण वेळ मोजला नाही तर तो शून्य धरला जातो. किंमत ठरवणारा, योजना आखणारा, कर्जाचा अर्ज तपासणारा, कोणीही रिकामा रकाना रिकामा ठेवत नाही. माझ्यासारखाच तिथे काहीतरी लिहितो. आनंदाचा मान ठेवायचा तर त्याची वेगळी नोंद करा, तासांच्या जागी तो टाकू नका.

मग करायचं काय? माझ्या चुकीतून मी जे शिकले ते एवढं :

1. 'रोज किती तास' विचारू नका. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं' असं विचारा. माणसाला सरासरी आठवत नाही, काल आठवतो.

2. महिन्याऐवजी एका वस्तूपासून सुरू करा. एक सूप : बांबू कुठून आला, कोणी फाडला, कोणी विणलं, कोणी विकलं. प्रत्येक हाताचा वेळ वेगळा लिहा, मुलांचाही.

3. एकाच वेळी दोन कामं होत असतील, तर दोन्ही लिहा आणि तो वेळ कशात धरला ते पद्धतीच्या प्रकरणात सांगा. पूर्ण धरून एकदा आणि अर्धा धरून एकदा हिशेब करा. उत्तर दोन आकड्यांच्या मधलं आलं तरी हरकत नाही.

4. तेच घर निदान दोन हंगामांत बघा.

5. जो रकाना तुम्ही अंदाजाने भरला, त्यावर तशी खूण ठेवा. मार्गदर्शक रागावतील. रागावू दे.

मी माझ्या सारणीतला तो स्तंभ काढून टाकला आणि मळणीच्या दिवसांत पुन्हा त्या घरी गेले. या वेळी कालचा दिवस विचारला. मावशी बोटांवर मोजत गेल्या. पहाटे चूल पेटायच्या आधी थोडं. भाताला आधण येईपर्यंत थोडं. दुपारी बाकीचे झोपले तेव्हा. रात्री लाइट होती तोपर्यंत. मी वहीत बेरीज करत होते. 6 तासांच्या वर गेली, तसं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटेना, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मंग एका सुपाचे किती घेऊ जी?"

याचं उत्तर माझ्या प्रबंधात नाही. पण हा प्रश्न त्यांना पडला, तो छेद सापडल्यावरच. 2 लिहून मी निघून आले होते तेव्हा तो पडायला जागाच नव्हती.